शेवटच्या रिळात भूत खोटं निघतं, तरी पाय वर का घेतो आपण?

रातराणी७१ (धागाकर्ती)

मंडळी, रविवारी दुपारी पडदे ओढून आईबरोबर 'वो कौन थी' बघितला. आई ८२ वर्षांची. हा सिनेमा तिने १९६४ साली कोल्हापुरात थेटरात बघितला, मग दूरदर्शनवर, मग माझ्या भावाने आणलेल्या कॅसेटवर. शेवट तिला पाठ आहे. तरी सुरुवातीला धो धो पावसात मनोजकुमारची गाडी येते, रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या साडीतली साधना उभी असते, ती गाडीत बसते आणि काचेवरचा वायपर बंद पडतो, तेव्हा आईने दोन्ही पाय हळूच उचलून सोफ्यावर घेतले आणि साडीचा काठ पावलांवर ओढला. नजर पडद्यावरच. मी खाली बघितलं, तर माझेही पाय वर.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. 'महल', 'बीस साल बाद', 'वो कौन थी', सगळीकडे शेवटी कळतं की भूतबित काही नव्हतं, माणसाचंच कारस्थान होतं. हे ठाऊक असूनही दर वेळी तितकीच भीती वाटते. का?

तुम्ही हे कृष्णधवल सिनेमे कुठे आणि कोणाबरोबर बघितले तेही लिहा. आई रोज संध्याकाळी प्रतिसाद वाचून घेणार आहे.

कंदील

आईंना नमस्कार सांगा.

गिरगावातली चाळ, तिसरा मजला. मजल्यावर टीव्ही एकच, तोही जोशीकाकूंकडे. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा तेव्हा त्यांच्या दीड खोलीत आम्ही पंचवीसएक जण. 'बीस साल बाद' लागला त्या दिवशी 'कहीं दीप जले कहीं दिल' सुरू झालं आणि काकूंनी देवघरातली समई सोडून सगळे दिवे घालवले. आम्हा मुलांची रांग आपोआप भिंतीकडून मध्ये सरकली.

खरी परीक्षा नंतर. संडास गॅलरीच्या पार टोकाला, मधला बल्ब कायम गेलेला. त्या रात्री मजल्यावरचं एकही पोर एकटं गेलं नाही. चौघं चौघं जायचो, एक आत आणि तिघं बाहेर मोठ्याने पाढे म्हणत. सतराचा पाढा माझा त्या रात्री पक्का झाला.

तळकोकणी

आमच्याकडे भुतांची कमी नव्हती. वेशीवर देवचार, पाणंदीत चकवा, पिंपळावर मुंजा. त्यामुळे जत्रेतल्या तंबूत 'वो कौन थी' आला तेव्हा आजी मोठ्या जाणकाराच्या थाटात पुढे बसली. मध्यंतराला तिने निकाल दिला, "ह्यां काय भूत न्हय, सोंग असा ह्यां." कशावरून विचारलं, तर म्हणाली, "साडी भिजली मा तिची. भूत कधी भिजता?"

निकाल बरोबर निघाला. पण घरी जाताना सड्यावरून चालायचं होतं, आणि कंदील धरून सगळ्यांच्या मध्ये चालत होती ती आजीच.

चित्रवेडा

'महल'पासून सुरुवात करू, कारण पुढची सगळी वाट तिथून निघते. १९४९, बॉम्बे टॉकीज, मालाडचा स्टुडिओ. कमाल अमरोहींचं हे पहिलं दिग्दर्शन, मधुबाला अवघी सोळा वर्षांची, आणि संकलक बिमल रॉय. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण माझ्या लेखी 'महल' जितका अमरोहींचा तितकाच छायालेखक योसेफ विर्शिंग यांचा. हे म्युनिकचे. 'प्रेम संन्यास'च्या चित्रीकरणासाठी १९२५मध्ये भारतात आले, आणि हिमांशू राय यांनी १९३४मध्ये बॉम्बे टॉकीज काढली तेव्हा कॅमेरा त्यांच्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं. सुटल्यानंतरचं हे काम आहे. 'पाकीजा'चा कॅमेराही त्यांचाच, पण तो पुरा होण्याआधी १९६७मध्ये ते गेले. भारतातच गेले.

आता सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा अशोककुमार त्या महालात हिंडतो ते प्रसंग नीट बघा. खोली कुठेच पूर्ण उजळलेली नाही. एका बाजूने प्रकाश येतो, खांबाची सावली चेहऱ्यावर पडते, आणि उरलेल्या काळोखात काय आहे ते आपण भरत बसतो. मधुबालाचा चेहरा तर आपल्याला इतक्या उशिरा आणि इतका थोडा थोडा दिसतो, की ती माळ्याची मुलगी आहे हे कळल्यावरही मन मानत नाही.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: शेवटच्या रिळातला खुलासा कानांना मिळतो, संवादातून. डोळ्यांनी दोन तास जे बघितलं ते त्याने पुसलं जात नाही.

पहिलाच_पाऊस

अहो, शेवट फोडू नका ना! मी 'महल' आज रात्री बघणार होतो.

चित्रवेडा

चुकलो, मनापासून माफी. पंचाहत्तर वर्षांत सगळ्यांचा बघून झाला असेल असं गृहीत धरलं. तरीही आज रात्री बघाच. मी तर म्हणतो, शेवट माहीत असताना बघण्यातच त्याची गंमत आहे. हा धागाच त्यावर आहे.

सूरपेटी

डोळ्यांचं चित्रवेडा यांनी सांगितलं, मी कानांचं सांगते.

'आएगा आनेवाला'ची सुरुवात आठवा. ताल नाही, नुसते शब्द, लांबून कुठून तरी येणारे, आणि हळूहळू जवळ. तेव्हा आवाज लांबचा भासवायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती. लताबाईंनी स्वतः आठवण सांगितली आहे, की माइक खोलीच्या मध्यावर होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल पुढे येत होत्या. ते येणं खरंखुरं आहे, म्हणून अंगावर येतं. आणि पहिल्या तबकड्यांवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोक ऐकत होते आणि हा आवाज कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले.

दुसरी गोष्ट 'नैना बरसे रिमझिम रिमझिम'ची. चित्रीकरणाच्या वेळी लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण तयार नव्हतं, म्हणून मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाणं भरून दिलं. साधना सिमल्याच्या धुक्यात एका पुरुषाच्या आवाजावर ओठ हलवत होती आणि बघायला जमलेले लोक हसत होते! आता तो प्रसंग बघा. तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी मागमूस आहे का? माझ्यासाठी अभिनय याला म्हणतात.

भीतीचं विचाराल तर या सिनेमांत भूत गातं. किंकाळी ऐकली तर माणूस पळेल. गाणं ऐकलं की तो दार उघडून बाहेर जातो.

घुबड२०००

मी चोवीस वर्षांचा आहे आणि मनापासून लिहितोय. मला 'बीस साल बाद' संथ वाटला. भीती जमत येते आणि तेवढ्यात असित सेनचा तो गोपीचंद जासूस येतो, मग दहा मिनिटं विनोद. ताण सगळा सांडून जातो. गाणी सुंदर आहेत, पण भयपट म्हणून मला पटला नाही.

माजघर

घुबडा, तुझं म्हणणं समजतं. पण तो सिनेमा आठशे माणसांत बसून बघायचा होता. आम्ही सोलापूरला बघितला तेव्हा गोपीचंद आला की थेटर हसायचं, माणसं सैल व्हायची, कोणी शेंगा काढायचं, कोणी मुलाला या मांडीवरून त्या मांडीवर घ्यायचं. आणि असं सगळं सैल झालेलं असताना रात्रीचं ते गाणं सुरू व्हायचं. शेंगा फोडायचा आवाज एकदम बंद. आठशे माणसं एकाच वेळी गप्प होतात, तो क्षण मोबाइलवर कसा मिळेल रे?

एक कर. रात्री, दिवे बंद, इअरफोन घालून पुन्हा बघ. मोबाइल नको, मोठ्या पडद्यावर. लहान पडद्यावर काळा रंग करडा होतो आणि त्या दलदलीतलं निम्मं चित्र दिसतच नाही.

जांभूळआख्यान

'गुमनाम' कसा विसरलात सगळे? ते बेट, तो बंगला, एकेक करून मरणारी माणसं. कृष्णधवल भीतीचा राजा!

चित्रवेडा

'गुमनाम' (१९६५) रंगीत आहे हो.

जांभूळआख्यान

तुमच्याकडे असेल. आमच्या घरी लाकडी शटरच्या टीव्हीवर तो कृष्णधवलच होता, १९९३पर्यंत. काळोखं जंगल, पांढराफटक बंगला. पुढे रंगीत टीव्ही घेतल्यावर हौसेने पुन्हा बघितला, तर सगळीकडे हिरवंगार आणि माणसांचे कपडे गुलाबी-पिवळे. भीती पार गेली. मी बाबांना म्हटलं, रंग घालवा. त्यांनी बटण फिरवून चित्रातला रंग काढला, आणि आमचा 'गुमनाम' परत आला.

कंदील

@जांभूळआख्यान, हा प्रतिसाद काळजाला लागला. आमच्या टीव्हीवर तर पुढे निळी काच होती, त्यामुळे आमची भुतं निळी!

बर्लिनकर

चित्रवेडा यांनी विर्शिंगचा विषय काढला म्हणून लिहितो. इथे जुन्या मूकपटांचे खेळ वाद्यवृंदासह होतात. मुर्नाऊचा १९२२चा 'नोस्फेरातू' मी तसा बघितला. जिन्याच्या भिंतीवर नुसती सावली चढत जाते, बोटं लांब होत जातात, तो प्रसंग आला आणि वादकांनी हात थांबवले. त्या शांततेत माझ्या बायकोने माझं मनगट धरलं ते सिनेमा संपेपर्यंत.

या सिनेमाची कथाच भुतासारखी आहे. ज्या कादंबरीवरून तो परवानगीशिवाय काढला, तिच्या लेखकाच्या विधवेने खटला भरला आणि न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा आदेश दिला. तरी काही प्रती वाचल्या. आपण आज बघतो तो मारून टाकलेला सिनेमा आहे.

थोडं चित्रण विस्मारच्या बंदरात झालं होतं. तिथली विटांची वेस अजून उभी आहे. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, आम्ही तिच्याखाली उभे राहिलो. दुपारचं लख्ख ऊन, आईस्क्रीम खाणारी पोरं. आणि मला एकदम 'महल'मधला झोपाळा आठवला. म्युनिकचा एक माणूस मालाडला येतो आणि त्याच जातीच्या सावल्या आपल्या पडद्यावर पाडतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लोणारी

माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. सातारा-सांगली पट्ट्यातल्या जत्रा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्यांच्या ठिणगीचा उजेड पडद्यावर. कांडी झिजली की चित्र काळवंडायचं, म्हणून वडील एका हाताने सारखी कळ फिरवत राहायचे. ते सांगायचे, भुताच्या सिनेमाला मी उजेड जरा कमीच ठेवतो. मालकाला वाटायचं कांड्या वाचवतोय.

रातराणी, तुमच्या प्रश्नाला या गोष्टीत उत्तर आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

फिल्मची पेटी एक आणि तंबू दोन, असं नेहमी चालायचं. पहिल्या गावात रीळ संपलं की पोरगा सायकलवर टाकून दुसऱ्या गावात न्यायचा. चैत्रातली जत्रा, वडील दुसऱ्या गावात, सिनेमा 'बीस साल बाद'. शेवटची दोन रिळं यायची होती आणि वळवाचा पाऊस कोसळला. ओढ्याला पाणी आलं, सायकलवाला पलीकडे अडकला. तंबूत लोक तास-दीड तास बसले. मग मालकाने हात जोडले आणि लोक घरी गेले. म्हणजे त्या गावाच्या लेखी भूत खरंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दवंडी दिली, राहिलेली रिळं फुकट दाखवणार. निम्मा तंबूही भरला नाही. वडिलांनी एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, मावशी, शेवट बघायला नाही आला? त्या म्हणाल्या, "कशाला? आमाला कळलाय की शेवट. ती पोरगी अजून तिथंच हाय."

वडील ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी इथे थांबायचे आणि बिडी पेटवायचे.

सूरपेटी

लोणारी, काटा आला अंगावर. वडिलांना दंडवत.

तळकोकणी

+१. धाग्याचं नाव बदला, 'शेवटचं रीळ आलंच नाही' करा.

गोदाकाठ

नाशिककरांच्या वतीने दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली, 'कोहरा' (१९६४). 'बीस साल बाद'चाच चमू, दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते-संगीतकार हेमंतकुमार. नाग मूळचे कलादिग्दर्शक, 'साहिब बीबी और गुलाम'ची हवेली त्यांनीच उभी केलेली, म्हणून त्यांच्या सिनेमात घर हेच मुख्य पात्र असतं. पण त्या घराला भीतीदायक करतात आमच्या येवल्याच्या ललिता पवार. घरातली जुनी दाई. आरडाओरड नाही, डोळे वटारणं नाही. नुसत्या येऊन उभ्या राहतात आणि वहिदाचा श्वास अडकतो, आपलाही. १९४२मध्ये चित्रीकरणात झालेल्या इजेने त्यांचा डावा डोळा कायमचा बारीक झाला होता. त्याच डोळ्याने त्यांनी पुढची सगळी कारकीर्द उभी केली. या बाईंचं कौतुक आपण करावं तितकं केलं नाही, असं मला फार वाटतं.

दुसरी, 'मधुमती'मधलं सगळंच धुकं नैनितालचं नाही. तिथे केलेलं काही चित्रण धुरकट निघालं आणि पुन्हा करावं लागलं. एवढ्या लांब परत कोण जाणार, म्हणून इगतपुरीजवळ कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी पाइनची खोटी झाडं उभी केली आणि धूर सोडून धुकं केलं. घाटातून जाताना मी मुलांना दर वेळी सांगतो.

पाटावरची_भाकरी

'पाठलाग'चं नाव कोणीच घेतलं नाही! मराठी, १९६४, राजा परांजपे, काशिनाथ घाणेकर आणि भावना. 'वो कौन थी'वाल्या राज खोसलांनी त्यावरूनच १९६६मध्ये 'मेरा साया' केला, साधनालाच घेऊन. 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐकताना मला आजही मागे वळून बघावंसं वाटतं. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज. शब्द प्रेमाचे आहेत, पण बोलणारी बाई मेलेली आहे असं आपल्याला वाटत असतं. शनिवारच्या मराठी सिनेमाला तो लागला तेव्हा आत्या म्हणाली होती, "नवरा मेल्यावरही असं लक्ष ठेवणार असेल तर नको गं बाई."

चित्रवेडा

'पाठलाग' रहस्यपट आहे, भयपट नव्हे.

पाटावरची_भाकरी

भीती वाटली ना? मग झालं.

घुबड२०००

माजघर, सांगितलंत तसं केलं. रात्री साडेअकरा, खोलीत एकटा, मोठा पडदा, इअरफोन. गोपीचंदला हसलो. आणि मग ते गाणं सुरू झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी खिडकी लावून घ्यायला उठलोय आणि सिनेमा थांबवायचा राहिलाय. खिडकीपाशी उभा राहून इअरफोनमधून तो आवाज नुसताच ऐकत होतो, पाठ पडद्याकडे. वळायला वेळ लागला.

मत बदललं. पुढचा कोणता बघू?

चित्रवेडा

'मधुमती', १९५८. बिमल रॉय, म्हणजे 'महल'चे तेच संकलक. कथा ऋत्विक घटक यांची, संगीत सलील चौधरींचं. नऊ फिल्मफेअर मिळाले होते. इतके दिवस तो मागे ठेवला, कारण रातराणींच्या प्रश्नाची उलटी बाजू त्यात आहे. इथून पुढे शेवट फोडतोय, पहिलाच_पाऊस यांनी डोळे मिटावेत.

दिलीपकुमार खुन्याला बोलतं करण्यासाठी मधुमतीसारख्या दिसणाऱ्या मुलीला भूत बनून यायला सांगतो. ती येते, खुनी झालेला नट प्राण घाबरतो, कबुली देतो. आपण निर्धास्त, कारण भूत खोटं आहे हे या वेळी आपल्याला आधीच ठाऊक आहे. आणि मग दारातून ती मुलगी येते, उशीर झाला म्हणून माफी मागत. सगळे सिनेमे शेवटच्या रिळात भूत काढून घेतात. हा एकटा शेवटच्या रिळात ते परत देतो.

रातराणी७१ (धागाकर्ती)

किती सुंदर लिहिलंत सगळ्यांनी. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. लोणारींच्या वडिलांची गोष्ट तिने दोनदा वाचून घेतली.

तळकोकणींच्या आजींचं भिजलेल्या साडीचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तर पहिल्यापासून तेच दिसायचं. एवढ्या पावसात ती पोरगी एकटी रस्त्यात उभी. भूत असो नाहीतर नसो, भिजली तर आहेच ना. गाडीत कोणी तिला साधा पंचा दिला नाही." १९६४मध्ये ती आणि माझी मोठी काकू घरी न सांगता तीनच्या खेळाला गेल्या होत्या. बाहेर आल्या तर पाऊस, टांगा मिळेना, दोघी भिजत घरी. मागच्या दाराने आत शिरताना आजीने बघितलं. ती एक शब्द बोलली नाही, नुसता टॉवेल पुढे केला. हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

येत्या रविवारी 'मधुमती'. मावशी आणि माझी मुलगीही येणार आहेत.

कंदील

पडदे ओढा, दिवे घालवा, समई ठेवा. आणि पाय कुठे होते ते कळवा.

रातराणी७१ (धागाकर्ती)

बघून झाला. बाहेर खरंच पाऊस होता.

वर. चौघींचेही.